गहू वर्ज्य, नोकरी फिरतीची : सिलिॲक रुग्णाची शिदोरी

रुग्णालयातून घरी परतणाऱ्या रुग्णाच्या हाती बहुधा औषधांची एक लांबलचक चिठ्ठी असते. सिलिॲक विकाराच्या रुग्णाची चिठ्ठी मात्र आखूड असते. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व अशा पूरक गोळ्या काही महिने दिल्या जातात. परंतु त्या झालेली झीज भरून काढण्यापुरत्या होत. मूळ विकारावरील उपचार एकाच ओळीत मावतो : गहू, जव व राय ही धान्ये आणि त्यांपासून बनलेला कोणताही पदार्थ आजन्म वर्ज्य. या विकारावर मान्यता पावलेले औषध आजमितीस जगात कोठेही उपलब्ध नाही. आहार हेच औषध.

हा उपचार ऐकावयास सोपा वाटतो. तथापि त्यात एक अडचण आहे, जी इतर आजारांत सहसा नसते. गोळी रुग्ण स्वतः घेतो; अन्न मात्र कोणीतरी शिजवून देते. ज्याची तिन्ही त्रिकाळ जेवणे घरी होतात, त्याचा उपचार घरच्या स्वयंपाकघरात नीट चालतो. जो सकाळी आठ वाजता घर सोडतो, दुपारी कचेरीच्या उपाहारगृहात जेवतो आणि महिन्यातील आठ-दहा दिवस फिरतीवर असतो, त्याचा उपचार खानावळीचा आचारी, रेल्वेतील वाढपी आणि आग्रह करणारे यजमान यांच्या हाती जातो. यांपैकी कोणालाही आपण उपचार करीत आहोत याची कल्पना नसते. आमच्या पोषण-आहार विभागात येणाऱ्या नोकरदार रुग्णांची तक्रार विकाराबद्दल क्वचितच असते. ती असते प्रवासाबद्दल. म्हणून यंदाच्या अहवालात रुग्ण-शिक्षणासाठी हाच विषय निवडला आहे. रुग्णांच्या आप्तांना तो उपयोगी पडावाच, परंतु आपले देणगीदार व विश्वस्त यांपैकी अनेकजण स्वतः कारखाने, कचेऱ्या, संस्था चालवितात. त्यांच्या उपाहारगृहात कदाचित असा एखादा कर्मचारी रोज अर्धपोटी उठत असेल. त्यांच्याही नजरेखालून हा मजकूर जावा, अशी इच्छा आहे.

विकाराचे स्वरूप

गव्हाच्या पिठाची कणीक मळली असता तिला जो चिवटपणा येतो, तो ग्लुटेन या प्रथिनसमूहामुळे. पोळी फुगते, पाव जाळीदार होतो, शेवया ओढता येतात, हे सारे ग्लुटेनचे कर्तृत्व. बहुसंख्य माणसांस ते निरुपद्रवी असते. सिलिॲक रुग्णाच्या बाबतीत मात्र शरीराची संरक्षणयंत्रणा ग्लुटेनला प्रतिसाद देताना स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला चढविते. लहान आतड्याच्या आतील बाजूस मखमलीच्या लवेप्रमाणे सूक्ष्म अंकुर असतात व त्यांच्याद्वारे अन्नरस शोषला जातो. हे अंकुर झिजून सपाट होतात. परिणामी रुग्ण पोटभर जेवतो आणि तरीही कुपोषित राहतो.

मुलांमध्ये वारंवार जुलाब, पोट फुगणे, वजन व उंची न वाढणे ही लक्षणे दिसतात. प्रौढांमध्ये चित्र फसवे असते. लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा रक्तक्षय, सततचा थकवा, तोंडात पुनःपुन्हा येणारे फोड, हाडांची ठिसूळता, काहींना वंध्यत्व. पोटाची तक्रार असेलच असे नाही. नोकरी करणाऱ्या माणसाचा थकवा तर कोणी आजार मानीतच नाही. ‘कामाचा ताण’ म्हणून तो सोडून दिला जातो आणि निदान वर्षानुवर्षे लांबते.

निदानासाठी प्रथम रक्तातील टीटीजी प्रतिपिंडांची चाचणी आणि त्यानंतर आवश्यकतेनुसार दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून तपासणी केली जाते. येथे एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. अलीकडे पुष्कळ लोक कोणाच्या तरी सांगण्यावरून गहू सोडतात, बरे वाटू लागले की मग आमच्याकडे येतात. गहू सोडल्यानंतर चाचण्या खोट्या निर्दोष येऊ शकतात. सबब तपासणी पूर्ण होईपर्यंत गहू बंद करू नये. गव्हाची ॲलर्जी हा निराळा विकार आहे. सिलिॲक नसूनही गव्हाने पोट बिघडणारी माणसेही असतात. पथ्य किती कडक पाळावयाचे, हे नेमक्या निदानावरच अवलंबून असते.

गव्हाचा हा दोष उघडकीस येण्यास बराच काळ लागला. लंडनचे डॉ. सॅम्युअल गी यांनी 1888 साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले व रुग्ण बरा व्हावयाचा असेल तर तो आहारानेच होईल असा कयासही बांधला. परंतु आहारातील कोणता पदार्थ, हे त्यांना उमगले नाही. 1924 साली अमेरिकेत डॉ. सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचविला. मुले त्याने सुधारत आणि श्रेय केळ्यांना मिळे. वस्तुतः केळी खाताना पाव सुटत होता, ही खरी गोष्ट होती. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ डॉ. विलेम डिके यांचा गव्हावर संशय तीसच्या दशकापासूनच होता. दुसऱ्या महायुद्धातील 1944-45 च्या हिवाळ्यात त्या देशात भीषण अन्नटंचाई झाली, पाव दिसेनासा झाला, आणि लोक उपाशी असताना ही आजारी मुले मात्र बरी राहिली. पुढे पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी 1950 साली आपल्या प्रबंधात हा संबंध मांडला.

भारतात 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतात सुमारे 1.23 टक्के, ईशान्येकडे 0.87 टक्के आणि दक्षिणेत 0.10 टक्के प्रौढांमध्ये हा विकार आढळला. आनुवंशिक प्रवृत्ती तिन्हीकडे आढळते; रोजच्या गव्हाच्या प्रमाणात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. महाराष्ट्राचा त्या पाहणीत समावेश नव्हता. आपल्याकडे ज्वारी मागे पडून गव्हाची पोळी दोन्ही वेळच्या ताटात आली, हे मात्र घरोघरचे वृद्ध सांगतील.

‘एवढ्याने काय होतंय?’

रुग्णाला सर्वांत अधिक ऐकावे लागणारे वाक्य हेच. त्याचे उत्तर आकड्यांत देता येते. एका मध्यम पोळीला सुमारे 30 ग्रॅम कणीक लागते व तीत अडीच ते तीन ग्रॅम ग्लुटेन असते. 2007 साली इटलीतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोज केवळ 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेल्यास आतड्याच्या अंकुरांवर परिणाम होतो असे दिसून आले. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा सुमारे पन्नासावा भाग. परातीच्या कडेला चिकटून राहते तेवढी कणीक. ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापावयाचे असल्यास एक किलो अन्नात 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे व भारतातील अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही तीच स्वीकारली आहे.

यावरून प्रश्न ‘गहू खाल्ला की नाही’ एवढाच नाही, तर ‘गहू कशाला लागला’ हा आहे, हे ध्यानात यावे. आणखी एक गोष्ट. चुकून गहू गेल्यावर काही रुग्णांना तासा-दोन तासांत उलट्या-जुलाब होतात. काहींना काहीच जाणवत नाही. हे दुसऱ्या प्रकारचे रुग्ण स्वतःला भाग्यवान समजतात. वैद्यकीयदृष्ट्या त्यांचीच आम्हांस अधिक काळजी वाटते, कारण त्यांना सावध करणारी घंटाच नाही. त्रास झाला नाही म्हणजे इजा झाली नाही, असे नव्हे.

आपल्या धान्यांचे बळ, आणि गिरणीचा दोष

युरोपातील रुग्णाला पाव सोडणे म्हणजे जेवण सोडण्यासारखे. महाराष्ट्रीय रुग्ण त्या मानाने सुदैवी म्हटला पाहिजे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, मका, शिंगाडा आणि झाडून साऱ्या डाळी या विकारात चालतात. भाकरी-पिठले, वरण-भात, ताकातली कढी, घावन, आंबोळी, तांदळाचे मोदक, हे सारे निसर्गतःच निर्दोष. परदेशी डब्यांतील महाग ‘ग्लुटेनमुक्त’ बिस्किटांवाचून आपल्या रुग्णाचे काहीच अडत नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण निदान ऐकताच अनेक कुटुंबांना खर्चाची धास्ती बसते.

मात्र ज्वारी घरी आणली म्हणजे झाले असे नाही. ती दळावी लागते. गल्लीतील गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाले की त्याच जात्यावर आपली ज्वारी पडते आणि पहिल्या दोन-तीन मुठी पिठात गव्हाचा सरळ अंश येतो. धान्य घरी निवडून-धुऊन वाळविणे व शक्य तर घरघंटी घेऊन ती केवळ याच धान्यांसाठी राखणे, हा खात्रीचा मार्ग. घरात चाळणी, परात, पोळपाट-लाटणे, तवा व उलथने वेगळे असावे. चाळणी विसरली जाते. जाळीत अडकलेली कणीक कितीही धुतली तरी पुरती निघत नाही.

काही पदार्थ तर नावावरून ओळखू येत नाहीत. बाजारातील बहुतेक हिंग हा बांधानी हिंग असतो. मूळ हिंगात डिंक व पीठ मिसळून तो बनवितात आणि ते पीठ बहुधा मैद्याचे असते. मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत अनेक घरी गहू घालतात. सातूचे पीठ, जे पूर्वापार प्रवासाची शिदोरी मानले गेले, ते तर गहू वा जव यांचेच. बाजारातल्या शेवेत व फरसाणात मैद्याची भेसळ असू शकते. सोया सॉसमध्ये गहू असतो. माल्टयुक्त पेये व बिअर जवाची. ‘मल्टिग्रेन’ म्हणून मिळणाऱ्या पिठात पहिले धान्य गहूच. ओट्स मुळात वेगळे धान्य असले तरी बाजारातील ओट्समध्ये गव्हाची मिसळ इतकी सर्रास असते की विशेष खात्री नसल्यास ते टाळावेत. वेष्टनावर ग्लुटेनयुक्त धान्यांचा उल्लेख करणे 2020 च्या नियमांनुसार उत्पादकांवर बंधनकारक आहे, त्यामुळे बंद पाकिटाचे निदान वाचून पाहता येते. सुट्या फरसाणाला वेष्टनच नाही.

कचेरीतील दिवस

नोकरदार रुग्णाचा पहिला प्रवास घर ते कचेरी हाच. मुंबईत तो रोज दोन-दोन तासांचा असतो आणि तेवढ्यात भूक लागली की स्थानकाबाहेर वडापाव, समोसा, भजी उभी असतात. पाव सोडून नुसता वडा घेतला तर चालेल का, असे पुष्कळजण विचारतात. वडा बेसनाचा खरा. परंतु ज्या कढईत समोसे तळले, त्याच तेलात तो पडलेला असतो. उत्तर नकारार्थीच द्यावे लागते.

घरचा डबा हा सर्वोत्तम उपाय होय, आणि तो करणारी व्यक्ती बहुधा पहाटे उठून एका परातीत सर्वांची कणीक आणि दुसऱ्या परातीत एका माणसाची भाकरी करीत असते. ती व्यक्ती स्वतःच रुग्ण असेल, स्वतःच नोकरी करीत असेल, तर तिचा डबा सर्वांत शेवटी व सर्वांत घाईत भरला जातो. अशा भगिनींना आमचा सल्ला असा की आपली भाकरी आधी करावी. हवेत उडालेले कोरडे पीठ ओट्यावर बसण्यापूर्वी ती डब्यात बंद झालेली असेल, हे त्यामागचे कारण आहे. त्यात स्वार्थ मानण्याचे कारण नाही.

कचेरीच्या खणात भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याची चिक्की, ज्वारीच्या लाह्या, गूळ असा कोरडा साठा असावा. सभा लांबली, डबा विसरला, गाडी चुकली, असे प्रसंग येतातच व उपाशी माणूस तडजोड करतो.

खरी कसोटी निराळ्या प्रसंगी लागते. वर्धापनदिनी कचेरीत सत्यनारायण असतो. प्रसाद शिऱ्याचा, म्हणजे रव्याचा, आणि प्रसादाला नाही म्हणणे आपल्या संस्कारात बसत नाही. आमच्या पाहण्यातील अनेक रुग्ण तेवढा एक घास ‘श्रद्धेने’ घेतात. आमचे मत स्पष्ट आहे : प्रसाद कपाळी लावून शेजाऱ्याच्या हाती द्यावा व तीर्थ आणि केळे घ्यावे. पूजा सांगणाऱ्या गुरुजींना आधी सांगून ठेवल्यास तेच केळ्याचा प्रसाद बाजूला काढून ठेवतात, असा अनुभव आहे. ख्रिस्ती बांधवांना हाच प्रश्न चर्चमधील पवित्र भाकरीच्या बाबतीत येतो. ती गव्हाचीच असावी असा कॅथलिक चर्चचा नियम आहे. परंतु अत्यल्प ग्लुटेनची भाकरी किंवा केवळ द्राक्षरस स्वीकारण्यास त्या चर्चनेच मुभा दिली आहे. गोव्यातील रुग्णांनी आपल्या धर्मगुरूंशी निःसंकोच बोलावे.

आजार लपवावा की सांगावा, असा प्रश्न नव्याने नोकरीस लागलेले तरुण हमखास विचारतात. फिरतीच्या कामात आपण कमी लेखले जाऊ, ही त्यांची भीती अगदीच निराधार नाही. तरीही वरिष्ठांना एकदा, थोडक्यात, डॉक्टरांच्या पत्रासह सांगितलेले बरे. हा संसर्गजन्य विकार नाही. पथ्य पाळल्यास कामाच्या क्षमतेत काहीही उणेपण येत नाही. अपेक्षा एवढीच की मुक्कामाची जागा निवडताना विचारले जावे. आपल्याकडे दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्यातील यादीत या विकाराचा समावेश नाही. इटलीत 2005 च्या कायद्याने शाळा, रुग्णालये व सार्वजनिक संस्थांच्या भोजनालयांत मागणी केल्यास ग्लुटेनमुक्त जेवण देणे आवश्यक ठरविले. आपल्याकडे तूर्त हे मालकाच्या सद्‌भावनेवर अवलंबून आहे.

फिरतीवर

दूरच्या प्रवासाची तयारी एकाच प्रश्नाने सुरू करावी : पहिले शिजविलेले गरम अन्न खात्रीने केव्हा व कोठे मिळेल? तोपर्यंतची सर्व जेवणे बरोबर घ्यावीत, आणि त्यावर एक अधिक. गाड्या उशिरा पोहोचतात.

शिदोरीसाठी सोलापूरकडील कडक भाकरीसारखा दुसरा पदार्थ नाही. पातळ थापून, पूर्ण वाळवून केलेली ही ज्वारीची वा बाजरीची भाकरी अनेक दिवस टिकते आणि शेंगांच्या चटणीबरोबर पूर्ण जेवण होते. विकत घेताना मात्र पिठाची चौकशी करावी; शक्य तर घरीच करून घ्यावी. त्याखेरीज ज्वारीच्या लाह्यांचे पीठ ताकात वा दुधात कालवून खाता येते, त्यास विस्तवही लागत नाही. दडपे पोहे एका दिवसापुरते चांगले. डबा उघडताना सहप्रवाशाच्या पोळीचा तुकडा आपल्या चटणीत बुडणार नाही, एवढे पाहावे. आपल्या लोकांना वाटून खाण्याची आवड असते, म्हणून आधी आपले खावे व मग उरलेले वाटावे.

रेल्वेत मिळणाऱ्या जेवणात भात-वरण असले तरी सूप व रश्श्यांना घट्टपणा आणण्यासाठी मैदा वापरला जाऊ शकतो. तिकीट काढतानाच जेवण नको असे नोंदविण्याची सोय काही गाड्यांत आहे, तिचा उपयोग करावा. दही, केळी, उकडलेली अंडी, नारळपाणी यांवर एक वेळ सहज निभते. डब्यातील विजेची सोय मोबाईल व लॅपटॉपसाठी असते. तेथे किटली लावून पाणी उकळणे नियमबाह्य व धोक्याचे आहे, ते करू नये.

येथे आपल्या परंपरेचा एक अनपेक्षित लाभ सांगण्यासारखा आहे. उपवासाचे पदार्थ जवळजवळ सर्वच या रुग्णांना चालतात : साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, राजगिऱ्याचे लाडू, रताळे, शेंगदाण्याची आमटी. त्यांत हिंगही नसतो. शिवाय ‘ग्लुटेन’ म्हटल्यावर गोंधळणारा आचारी ‘उपवास’ म्हटल्यावर तत्काळ भांडी वेगळी घेतो, पळी स्वच्छ करतो. आमचे काही रुग्ण परगावी ‘आज उपवास आहे’ एवढेच सांगतात आणि निर्धास्त जेवतात. या असत्याचा दोष कोणी त्यांना देऊ नये. साबुदाणावड्याचे तेल मात्र उपवासाच्या दिवशीही विचारून घ्यावे.

प्रदेशागणिक धोका बदलतो. सोलापूर, मराठवाडा, खानदेश येथील खानावळींत भाकरी मागितली की मिळते. परंतु ती पोळीच्याच तव्यावर टाकली जाते, म्हणून तवा पुसून घेण्यास सांगावे आणि वर लावण्याचे कोरडे पीठ कशाचे, हेही विचारावे. खानदेशात बट्टी व मांडे, विदर्भात रोडगे व पानगे हे आग्रहाचे पदार्थ गव्हाचेच. कोकण व गोव्यात तांदळाची चलती असल्याने रुग्ण निर्धास्त होतो आणि नेमका तेथे फसतो, कारण तळलेल्या मासळीला रवा लावलेला असतो. ‘तांदळाच्या पिठात घोळून, वेगळ्या तव्यावर’ असे सांगावे, अथवा आमटी-भात घ्यावा. मालवणी वड्यांच्या पिठात काही ठिकाणी गहू असतो. दक्षिणेत इडली-डोसा निर्दोष असला तरी रवा इडली, रवा डोसा त्याच भट्टीवर होतात व सांबारात हिंग असतो. उत्तरेकडील प्रवास सर्वांत अवघड. तेथे जेवण म्हणजेच रोटी. भात सांगून करवून घ्यावा लागतो.

हिंगाबाबत रुग्ण फार घाबरतात. घरी तो बदलावाच. शुद्ध हिंग किंवा तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो. बाहेर मात्र आधी पोळी, पाव, रवा, तळण व घट्ट रस्सा या मोठ्या धोक्यांकडे लक्ष द्यावे, आणि शक्य असेल तेव्हा वरण फोडणीवाचून मागावे. साधे वरण, भात, तूप, लिंबू हे जेवण भारतात कोणत्याही गावी सांगता येते.

मुक्काम चार-पाच दिवसांचा असेल तर स्वयंपाकाची परवानगी असलेली खोली निवडावी. एक लहान विजेचा भातपात्र व एक पातळ तवा बॅगेत मावतो. शासकीय विश्रामगृहातील खानसामा आपण दिलेल्या पिठाची भाकरी प्रेमाने करून देतो, असे अनेक अधिकारी रुग्णांनी सांगितले आहे. विमानाचे तिकीट असल्यास ग्लुटेनमुक्त जेवणाची मागणी किमान एक दिवस, काही कंपन्यांकडे त्याहूनही आधी नोंदवावी लागते. तरीही शिदोरी जवळ ठेवावीच.

आमच्या विभागातून प्रत्येक नोकरदार रुग्णास खिशात मावेल असे एक कार्ड दिले जाते. त्यावरील मजकूर असा : ‘मला आतड्याचा आजार आहे. गहू, कणीक, मैदा, रवा, दलिया, शेवया, जव यांचा कणही माझ्या पोटात गेल्यास अपाय होतो. भात, साधे वरण, ज्वारी-बाजरी-तांदळाची भाकरी, दही, अंडी, फळे चालतात. कृपया स्वच्छ धुतलेली भांडी, पळी व तवा वापरावा. पूर्वी तळलेले तेल नको. आपले आभार.’ कार्डावर ‘ग्लुटेन’ हा शब्द जाणूनबुजून टाळला आहे. आचाऱ्याला तो माहीत असण्याची शक्यता कमी, आणि माहीत असल्यासारखे दाखविण्याची शक्यता अधिक. परप्रांतात त्या भाषेतील शब्द वापरावेत. हिंदीत गेहूँ, मैदा, सूजी, जौ. कन्नडमध्ये गव्हाला गोधी, तेलुगूत गोधुम, तमिळमध्ये गोदुमै म्हणतात. सारे शब्द संस्कृत गोधूमाचेच असल्याने लक्षात ठेवण्यास कठीण नाहीत.

चुकून गहू गेल्यास

त्यावर उतारा नाही. भरपूर पाणी, मीठ-साखरेचे पाणी, पेज व विश्रांती एवढेच करावे. जुलाब-उलट्या थांबत नसतील, चक्कर येत असेल, तर जवळच्या डॉक्टरांकडे जावे. दुसऱ्या दिवसापासून पथ्य पुन्हा पूर्ववत सुरू करावे. ‘बिघडलेच आहे, तर सहलीभर खाऊन घेऊ’ हा विचार एका चुकीपेक्षा कितीतरी अधिक हानी करतो. पथ्य नीट चालू असता लक्षणे काही आठवड्यांत उतरतात, प्रतिपिंडे उतरण्यास महिने लागतात, आणि प्रौढांच्या आतड्यातील अंकुर भरून येण्यास दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ लागू शकतो. म्हणून फिरतीच्या रुग्णांनी ठरलेली रक्ततपासणी चुकवू नये. घरी राहणाऱ्याचे पथ्य घरच्यांच्या डोळ्यांसमोर असते. फिरतीवरील रुग्णाचे पथ्य कसे चालले आहे, हे सांगणारा साक्षीदार म्हणजे ती तपासणीच.

या तपासणीसाठी आमच्याकडे येणे हाही एक प्रवासच आहे. तालुक्याच्या गावाहून पहाटेच्या एसटीने निघालेला रुग्ण उपाशीपोटी रक्त देतो व अकराच्या सुमारास रुग्णालयाच्याच उपाहारगृहात येतो. तेथे त्यास मिळते ते उपमा, शिरा, पोळी-भाजी आणि बिस्किटे. पोहे असतात, पण ते उपम्याच्या झाऱ्यानेच वाढले जातात. इतरांना उपदेश करण्यापूर्वी आपल्या दाराशी व्यवस्था असावी, या विचाराने विभागाने विश्वस्त मंडळापुढे दोन लहान प्रस्ताव ठेवले आहेत. उपाहारगृहात लाल कडीचा एक तवा, एक कढई, एक झारा व एक डबा केवळ या रुग्णांसाठी राखून ठेवावा व सकाळी आठ ते बारा या वेळेत ज्वारीची भाकरी, पिठले आणि वरण-भात मिळावा, हा पहिला. आवारात ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ यांसाठीच राखलेली एक घरघंटी बसवावी, जेथे रुग्णांचे नातेवाईक आपले निवडलेले धान्य आणून विनामूल्य दळून नेऊ शकतील, हा दुसरा. घरघंटीची जागा औषध भांडाराच्या मागील खोलीत पाहून ठेवली आहे. तिची किल्ली आहारतज्ज्ञांकडे राहील आणि गव्हाची पिशवी घेऊन त्या खोलीत कोणासही, रुग्णालयाच्या सेवकवर्गासही, प्रवेश असणार नाही.